रिदाचा डावा पाय

केपटाऊन, १२ एप्रिल २०२५

प्रिय प्रणिता,

तुझ्या ईदच्या शुभेच्छांना उत्तर द्यायला मला बारा दिवस लागले, आणि त्याचं कारण आळस नाही. तुला एक काम सांगायचं होतं आणि ते फोनवर सांगता येत नव्हतं. आमच्या घरात माझ्याशिवाय मराठी फक्त अम्मीला येतं, आणि बहात्तराव्या वर्षीही तिचे कान तिखट आहेत. लिहिलेलं मात्र मोतीबिंदूमुळे तिच्या तावडीतून सुटतं. म्हणून हा ईमेल. आठवीत दापोली सोडल्यापासून एवढं मराठी मी लिहिलेलं नाही, तेव्हा लाल पेन बाजूला ठेव.

अम्मीला वाटतं मी रेसिंग सोडलं. मी सोडलेलं नाही. ऑगस्ट २०२३च्या अपघातात डाव्या गुडघ्याजवळची नस चिरडली गेली, हे तुला माहीत आहेच. तेव्हापासून पाऊल खाली दाबता येतं, अगदी पूर्वीच्या ताकदीने, पण वर उचलता येत नाही. नुसतं लोंबतं. आमच्या टूरिंग कारमध्ये क्लच फक्त गाडी सुटताना लागतो. पुढे सगळा वेळ उजवा पाय अॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर. म्हणजे ज्या पायाच्या जोरावर मी शर्यती जिंकले, नेमका तोच गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या मालिकेची एक फेरी कुवेतमध्ये आहे. हो, तुझ्याच कुवेतमध्ये. टीमच्या मालकाने एक सीट दहा नोव्हेंबरपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवली आहे. अटी दोन. हेल्मेट आणि पट्ट्यांसकट बसलेलं असताना गाडीतून सात सेकंदांत बाहेर पडून दाखवायचं. आणि पायाला ब्रेस, म्हणजे पाऊल उचलून धरणारा आधार, लावणार असेन, तर तो बाहेर पडताना आड येत नाही असं बनवणाऱ्याने लेखी द्यायचं. नाही जमलं तर सीट दुसऱ्याला. माझं वय एकोणचाळीस आहे. यानंतर मला कुणी विचारणार नाही.

इथे दिलेला ब्रेस प्लास्टिकचा आहे. आग लागली तर तो वितळून पायाला चिकटेल, म्हणून गाडीत चालत नाही. तू कुवेतच्या हॉस्पिटलात अठरा वर्षं हेच बनवतेस. माझ्यासाठी बनवशील?

तुझी,
रिदा


अबू हलीफा (कुवेत), १८ एप्रिल २०२५

प्रिय रिदा,

लाल पेन बाजूला ठेवलं आहे, पण हाताशी आहे.

तुझं पत्र वाचून आधी मी सुमेधवर चिडले. त्याने तुझी टूरिंग कार म्हणजे काय ते मला तासभर समजावलं. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, आतून सगळं काढून लोखंडी पिंजरा बसवलेली, वगैरे वगैरे. लग्नाला सोळा वर्षं झाली, माणूस एवढा कधी बोलला नव्हता. मला रेसिंगमधलं इतकंच कळतं की सगळे जिवाच्या आकांताने पळतात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. शिवाय मी कोण बोलणार? इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास होऊन मी नाद सोडला. रोज सकाळी सुमेध हॉस्पिटलच्या दारात सोडतो आणि दुपारी उचलतो. तो तिथेच यंत्रं दुरुस्त करतो म्हणून बरं.

पण पाय मला कळतात. करते तुझं काम. आमच्या विभागप्रमुख सुरैया मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ड्युटी संपल्यावर कर आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेव.

ब्रेस कार्बनचा करू. पोटरीमागे एक लवचीक पट्टी, ती पाऊल वर उचलून धरेल. त्यासाठी पायाचा प्लास्टरचा साचा हवा. तिथल्या टेक्निशियनला नीट सांग, घोटा काटकोनात, बरोबर नव्वद अंश. आमच्या कामातला हा पहिला धडा. साचा कुरिअरने पाठवू नकोस, तुकडे होतील. इथे खैतानमध्ये राहणारे आमच्या ओळखीचे मुस्तफाभाई मे महिन्यात त्यांच्या भाचीच्या लग्नाला केपटाऊनला येत आहेत, त्यांच्याकडे दे.

आणि मला तुझा पूर्वेतिहास हवा. फॉर्ममध्ये लिहितात तसा, खोटं न लिहिता. कधी काय मोडलं, किती वर्षं गाडी चालवलीस, हे सगळं.

प्रणिता


केपटाऊन, २ मे २०२५

प्रिय प्रणिता,

घे पूर्वेतिहास.

अब्बांच्या मसाल्याच्या दुकानाला लागून एक गॅरेज होतं. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे हिशेब लिहायला म्हणून जायचे आणि इंजिन खोलत बसायचे. मालकाने जुनी छोटी हॅचबॅक क्लबच्या रेससाठी तयार केली होती. त्याचा ड्रायव्हर आजारी पडला आणि मी बसले. शेवटून पहिली आले. घरी अम्मीने दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, शेवटून का?

त्यानंतर सहा वर्षं क्लब रेसिंग. २०११ मध्ये खांद्याचं हाड मोडलं. मग जवळजवळ तीन वर्षं कुणी गाडीच दिली नाही. मी दुकानाची मसाल्याची व्हॅन चालवली आणि प्रत्येक टीमला दर सोमवारी फोन केला. एका मॅनेजरने कंटाळून २०१४ मध्ये टूरिंग कारची चाचणी दिली. तिथून माझी खरी कारकीर्द सुरू झाली. या रेसिंगमध्ये दाराला दार घासलं तर कुणी तक्रार करत नाही, पण मागच्याला वाट द्यायची नाही आणि पुढच्याला उडवायचंही नाही. मला ते पहिल्या दिवसापासून जमलं. २०१६ला उजव्या हाताची दोन बोटं मोडली. २०१७ला पाच रेस जिंकले. २०१९ला अजिंक्यपद तीन गुणांनी हुकलं. ते तीन गुण मला अजूनही झोपेत दिसतात.

२०२३ तुला माहीत आहे. पावसात मागची गाडी थेट माझ्या दारावर आली. चूक कुणाचीच नव्हती.

तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दुकानात गेले की कुणीतरी माझ्या हातातली पिशवी काढून घेतं. टीमचे मेकॅनिक पूर्वी मला शिव्या घालायचे, आता खुर्ची देतात. प्रणिता, मला त्या खुर्चीचा राग येतो. मला गाडीतली खुर्ची परत हवी आहे. काय वाटेल ते करीन मी त्यासाठी.

साचा मुस्तफाभाईंकडे दिला आहे. बरोबर नव्वद अंशात.

रिदा


अबू हलीफा, १५ जून २०२५

प्रिय रिदा,

तुझा पाय पोचला, आणि फार मानाने पोचला. विमानतळावर कस्टमवाल्याने मुस्तफाभाईंची बॅग उघडली, तर मिठाईच्या डब्याशेजारी तुझं पांढरंफटक पाऊल! मग दुसऱ्याला बोलावलं, तिसरा आला, साचा यंत्रातून दोनदा फिरवला. मुस्तफाभाई मला सांगत होते, "मैं बोला, अरे साब, पाय है, सोना नहीं है. तोडके मत देखो, लडकी का रेस है." शेवटी त्यांनी मलाच फोन लावून दिला. मी माझ्या मोडक्या अरबीत त्या अधिकाऱ्याला सांगितलं की हा माझ्या मैत्रिणीचा पाय आहे. तो हसला आणि म्हणाला, खलास, घेऊन जा.

ब्रेस तयार आहे. उद्या पाठवते. माझ्या हातून झालेल्या चांगल्या दहा कामांतलं हे एक आहे. सुरैया मॅडमनीही उलटून पालटून पाहिला. वजन कमी, पोटरीचा पट्टा न जळणाऱ्या कापडाचा, आणि तळवा एकसंध, पार बोटांच्या टोकापर्यंत. तू आता रस्त्याने चाललीस तर कुणाला कळणार नाही की पायाला काही झालं आहे.

बाहेर पडायची तालीम कर आणि किती सेकंद लागले ते कळव. मग मी लेखी देते.

प्रणिता


केपटाऊन, ९ जुलै २०२५

प्रिय प्रणिता,

ब्रेस उत्तम. चालते अगदी पूर्वीसारखी. गाडीतली तालीमही झाली, साडेसहा सेकंद लागले. प्रमाणपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, सही करून पाठव. घाई आहे.

रिदा


अबू हलीफा, २० जुलै २०२५

रिदा,

तुझं पत्र सहा ओळींचं होतं तेव्हाच मला शंका आली. तू खरं बोलतेस तेव्हा पाल्हाळ लावतेस.

तुमच्या टीमने तालमीची चित्रफीत इंटरनेटवर टाकली आहे. सुमेधने ती दाखवली. मी घड्याळ लावून तीनदा पाहिली. अकरा सेकंद. तुझा डावा पाय ब्रेकच्या पेडलखाली अडकला, तू दोन्ही हातांनी मांडी धरून तो ओढून काढलास आणि मग कॅमेऱ्याकडे बघून हसलीस. तिथे धूर असता तर कुणाकडे बघून हसणार होतीस?

मी सही करणार नाही. मसुदा फाडून टाकला आहे. तू माझ्याशी खोटं बोललीस याचं मला किती वाईट वाटलं, ते लिहिण्याइतकं मराठी मलाही येत नाही.

प्रणिता


केपटाऊन, २२ जुलै २०२५

प्रणिता,

हो, खोटं बोलले. तू खरंच विचारलंस तर पुन्हा बोलेन. अकराचे सात मी करीन, ते माझं काम आहे. तुझं काम सही करण्याचं.

खरं सांगू? तुला माझी काळजी नाही, तुला तुझ्या नोकरीची काळजी आहे. उद्या काही झालं तर हॉस्पिटल काय म्हणेल, इकाम्याचं, तिथे राहायच्या परवान्याचं, काय होईल. तू शाळेतही अशीच होतीस. विहिरीत उडी मारायला सगळ्या यायच्या आणि तू काठावर कपडे सांभाळायचीस. सांभाळ. मी दुसरा कुणी शोधते.

रिदा


अबू हलीफा, २३ ऑगस्ट २०२५

रिदा,

महिनाभर मी तुला लिहिलं नाही. पहिले आठ दिवस रागाने आणि नंतर कामामुळे. हे उत्तर शेवटपर्यंत वाच.

नोकरीची काळजी मला आहेच. कुणाला नसते? पण सही अडली ती त्यामुळे नाही. तुझ्या चित्रफितीत मला एक गोष्ट दिसत होती आणि कळत नव्हती. पट्टी बरोबर, माप बरोबर, मग पाय अडकतो कसा? मी चौथ्यांदा पाहिली, दहाव्यांदा पाहिली. शेवटी तुझ्यासारखाच एक ब्रेस माझ्या पायाच्या मापाने केला आणि सुमेधला म्हटलं, गाडीची किल्ली दे.

अठरा वर्षं मी या देशात राहते आणि ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसले नव्हते. टेस्टच्या वेळी बसले असेन तेवढंच, आणि तेव्हा माझे डोळे भीतीने मिटलेले असायचे. दुपारचे चार, शेहेचाळीस अंश, इमारतीखालचं पार्किंग. मी आत बसले, पट्टा लावला, पट्टा सोडला, बाहेर उडी मारली. पडले. पुन्हा बसले. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, आपल्या खोलीतून धावत आला, त्याला वाटलं नवरा मला गाडीत कोंडतो आहे. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत जमल्या. मी एकवीस वेळा तो प्रकार केला आणि मग मला कळलं.

चूक माझी आहे, रिदा. काटकोन हा चालणाऱ्याचा कोन आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला चालायचं असतं, म्हणून मी न विचारता तुलाही चालणारी केलं. पण गाडीत तू उभी नसतेस. गुडघा वर, टाच पुढे, पाऊल खाली झुकलेलं. माझा ब्रेस तुझं पाऊल ताठ वर धरून ठेवतो आणि पाय मागे घेताना चवडा पेडलखाली जातो. त्यात तळवा बोटांपर्यंत कडक, म्हणजे बोटं वळवून सोडवून घ्यायचीही सोय नाही. जो माणूस गाडी चालवत नाही त्यालाच अशी चूक सुचते.

नवा करायचा आहे. पाऊल खाली झुकलेलं, तळवा बोटांच्या आधी संपणारा. त्याचा साचा तू बसलेली असतानाच घ्यायला हवा, माझ्या हाताने. तू ऑक्टोबरमध्ये इथे ये. सुमेध व्हिजिट व्हिसाच्या मागे लागला आहे, त्याच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कामं करून देणाऱ्या माणसाने, कागद मागितले आहेत. आणि हा ब्रेस घालून तू वाईट चालशील, लंगडशील, हे आत्ताच सांगते. तो चालण्यासाठी नाहीच.

माझी एक अट आहे. अम्मीला सांगून ये. एका खोट्यावर मी पाय बनवला, दुसऱ्यावर बनवणार नाही.

विहिरीचं म्हणशील तर, कुणीतरी कपडे सांभाळले म्हणून तुम्ही घरी नीट गेलात.

प्रणिता


केपटाऊन, ५ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रणिता,

तुझं पत्र मी गॅरेजमध्ये वाचलं. एकवीस वेळा? मी त्या दिवशी फक्त चार वेळा केलं होतं आणि थकून खोटं लिहिलं. मला माफ कर. जुलैमध्ये लिहिलेला शब्दन्‌शब्द मागे घेते. दुसरा कुणी शोधलाही नव्हता.

अम्मीला सांगितलं. दोन तास मनाची तयारी केली, मग तिच्या पलंगावर बसून म्हटलं, अम्मी, मी परत रेस करणार आहे. ती तस्बीहची माळ ओढत होती, थांबली नाही. म्हणाली, "एप्रिलपासून फिजिओथेरपीला जातंस नि कपड्यांना पेट्रोलचो वास येतो. माझे डोळे गेले, नाक नाय." मी उठायला लागले तेव्हा तिने माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि पोटरीवरून हात फिरवत राहिली. तिला अजूनही हे नको आहे. तसं तिने स्पष्ट सांगितलं. पण जाऊ नकोस असं म्हणाली नाही.

११ ऑक्टोबरला पोचते. मापं घे, प्लास्टर थाप, काय करायचं ते कर. जितके दिवस लागतील तितके राहते.

तुझी,
रिदा


अबू हलीफा, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिदा,

तू गेल्यापासून घर फार शांत झालं आहे. सुमेधला गप्पा मारायला कुणी उरलं नाही. दुसरा फसल्यावर केलेला तिसरा आणि शेवटचा ब्रेस तुझ्या पायावर बसताना मी पाहिला, पण टीमच्या गाडीतली चाचणी तिथे केपटाऊनला होणार होती, म्हणून कालपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा कागद आणि न कापलेली चित्रफीत, दोन्ही मिळालं. सहा पूर्णांक एक सेकंद. दुसऱ्यांदा पाच पूर्णांक नऊ. मी स्वतः मोजले, सुमेधने मोजले, सुरैया मॅडमनी चहा बाजूला ठेवून मोजले. पाऊल पेडलवरून असं सुटून आलं की मला टाळी वाजवावीशी वाटली.

सही केलेलं पत्र सोबत आहे. त्यावर माझं नाव, पद आणि बताक्याचा, म्हणजे इथल्या ओळखपत्राचा, नंबर आहे. सही करण्याआधी ते मी अकरा वेळा वाचलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते. घोट्याच्या आतल्या बाजूला लाल झालं तर लगेच पॅड बदल. आता जा आणि चालव.

तुझी,
प्रणिता


कुवेत, शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रणिता,

मी अरिफजानच्या ट्रॅकवर आहे, तू अबू हलीफात. अर्ध्या तासाचं अंतर आहे आणि तरी मला पत्र लिहावं लागतंय, कारण तू फोन उचलत नाहीस. सुमेध एकटा आला. तुझी ड्युटी आहे असं त्याने सांगितलं आणि दोन मिनिटांत कबूलही केलं की तू घरी पडदे ओढून बसली आहेस. सही करायला घाबरली नाहीस आणि बघायला घाबरलीस!

ऐक. मी नवव्या जागेवरून सुटले. पहिल्या वळणावर वारा आडवा होता आणि ट्रॅकवर बारीक वाळू. सगळ्यांनी लवकर ब्रेक मारला. मी मारला नाही. पाय दाबला तेव्हा दाबला गेला, आणि सोडायच्या वेळी तुझ्या पट्टीने तो उचलला, जितका हवा तितकाच, हळूहळू. दोन गाड्या तिथेच मागे टाकल्या. मग एकेक. सातव्या फेरीला एकाने माझ्या दारावर दार घासलं, त्याच बाजूने, डाव्या. मग मी त्याला तसंच घासून पुढे गेले. शेवटच्या फेरीत माझ्या पुढचे दोघे एकमेकांत अडकून वाळूत गेले. तिसरी आले मी.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. आमच्या रेसिंगमध्ये एक नियम आहे. जो पहिल्या तिघांत येतो त्याच्या गाडीत पुढच्या रेससाठी शिशाच्या लाद्या टाकतात. फार वेगवान झाला ना, मग त्याला जड करायचं, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळते. आत्ता तासाभरापूर्वी एक कुवेती अधिकारी हातात कागद घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आला. माझ्या पायाकडे त्याने पाहिलंही नाही. म्हणाला, "कार नंबर सेव्हन्टीन, ट्वेंटी किलो," आणि समोर उभा राहून दोन लाद्या माझ्या सीटशेजारी बोल्टने आवळून घेतल्या. एप्रिलमध्ये दुसऱ्या टीमचे लोकही मला खुर्ची द्यायचे, आज त्यांच्यातलाच एक मॅनेजर येऊन ते बोल्ट घट्ट आहेत की नाही हे तपासून गेला.

मी तिथेच रडले. मेकॅनिकला वाटलं वजन वाढल्याचं वाईट वाटलं, तो माझी समजूत काढायला लागला. त्याला काय सांगू? दोन वर्षं लोकांनी माझ्या हातात साधी दुधाची पिशवी राहू दिली नाही, आणि आज त्यांनी नियमावर बोट ठेवून, सही घेऊन माझ्यावर वीस किलो लादले.

उद्या साडेतीनला दुसरी रेस आहे. पडदे उघड आणि ये. वजन घेऊन कशी चालवते ते बघ.

तुझी,
रिदा